धानाच्या मुलखातील मोटारगाडीचे ओंगण

बैलगाडीच्या आसास ओंगण घातल्यावाचून गाडी गावाबाहेर काढू नये, ही गोष्ट आमच्या वाडवडिलांस कोणी शिकवावी लागली नाही. एरंडेलात भिजविलेली चिंधी बांबूच्या नळ्यात घालून तो नळा गाडीखाली टांगलेला असे, आणि चाक कुरकुरू लागले की गाडीवान बैल सोडण्याच्याही आधी त्या नळ्यास हात घाली. आज बैलगाडीच्या जागी मालवाहू मोटारगाडी आली. परंतु तिला एकच आस नसून दातेरी चक्रांच्या तीन-चार बंद पेट्या आहेत, त्यांची कुरकुर बाहेर ऐकू येत नाही, आणि ऐकू येऊ लागते तेव्हा ओंगणाने भागण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. या पेट्यांत कोणते तेल घालावे व ते केव्हा काढावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथमच सांगितलेले बरे की प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्रातला नव्हे. आयुष्य महसूल खात्यातील कारकुनीत गेले. फेरफार, पीकपाहणी, आणेवारी आणि पुराचे पंचनामे हेच आमचे शास्त्र. परंतु पंचनाम्यांच्या निमित्ताने कचेरीच्या जीपगाडीतून पुष्कळ हिंडणे घडले. त्या जीपचे वयस्क चालक नाला ओलांडण्यापूर्वी गाडी उभी करून बिडी ओढीत बसत. आम्हांस तो आळस वाटे. एकदा साहेबांनी रागे भरल्यावर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, हौसिंग तापली आहे. तापल्या हौसिंगला थंड पाण्यात घातली तर ती पाणी पिते.” त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला पुढे वीसएक वर्षे लागली आणि एक क्राऊन-पिनियनचा जोड खर्ची पडला. ती हकीकत पुढे येईलच.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात, विशेषेकरून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव व सडक अर्जुनी या तालुक्यांत, चारही चाकांस जोर पोहोचविणारी, म्हणजे लोक ज्यास ‘फोर बाय फोर’ म्हणतात तशी, मालवाहू गाडी घेणारे शेतकरी आता तुरळक का होईना दिसू लागले आहेत. महिंद्रच्या बोलेरो कॅम्परचा या जातीचा प्रकार, टाटांची योद्धा, इसुझूची व्ही-क्रॉस आणि सन २०२२ पासून भारतात विकली जाणारी टोयोटाची हायलक्स ही त्यांतील ठळक नावे. कित्येकांकडे अद्याप जुनी जीपच आहे. धानाच्या बांध्यांमधून गेलेली वाट, मामा तलावाच्या सांडव्याखालचा ओढा, पूल नसलेला नाला आणि जंगलातील लाल मातीचा चढ अशा ठिकाणी आषाढ-श्रावणात दोन चाकांची गाडी जागच्या जागी चाक फिरवीत बसते. तेथे ही गाडी पऱ्ह्यांच्या जुड्या व रोवणीच्या बायामाणसे घेऊन निघून जाते. घेणाऱ्याचा निर्णय चुकला असे कोणी म्हणणार नाही. चूक होते ती पुढे. इंजिनाचे तेल कधी बदलले याची चिठ्ठी गाडीवर चिकटलेली असते. बाकीच्या पेट्यांत तेल आहे की चिखल आहे, हे कोणी विचारीत नाही.

आमच्या घरी हेच झाले. गाडी पुतण्याची, मी नुसता सल्लागार. एका वर्षी रोवणीच्या दिवसांत ती गाडी दिवसांतून चार-चार वेळा नाल्यातून येत-जात होती. श्रावणात मागील डिफरन्शियलच्या सीलमधून तेल झिरपल्याचा डाग अंगणात दिसला. पुतण्याने घरातील ट्रॅक्टरच्या तेलाची बादली काढली, भोकातून तेल वर येईपर्यंत ओतले आणि बूच लावले. “काका, गिअरचेच तेल आहे, त्यात काय बघायचे,” असे तो म्हणाला, आणि मलाही त्यात वावगे दिसले नाही. आश्विनात गाडीच्या मागल्या अंगाने बारीक कुईकुई ऐकू येऊ लागली. गाडी चाळिसाच्या वेगावर गेली की सूर धरी आणि वेग कमी केला की थांबे. गड्यांनी थट्टा केली की गाडी गाते. कार्तिक उलटत असता हलक्या धानाचे कट्टे भरून ती आधारभूत खरेदी केंद्राकडे निघाली, आणि केंद्र तीन किलोमीटरवर राहिले असता मागून घण मारल्यासारखा आवाज होऊन उभी राहिली. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि चाक हलत नाही. सायंकाळी अवकाळी पाऊस आला. ताडपत्री होती, पण एका बाजूने फाटकी. दुसरे दिवशी दुसऱ्याच्या गाडीने माल केंद्रावर नेला तेव्हा ओलावा मोजण्याच्या यंत्राने सतराच्या वरचा आकडा दाखविला. आधारभूत खरेदीत सतरा टक्क्यांच्या वर ओलावा असलेला धान घेत नाहीत, हे वाचकांस सांगणे नको. माल परत खळ्यावर आला, पसरला, वाळला. आमचा नंबर मात्र गेला तो गेला.

मिस्त्रीने हौसिंग उघडली तेव्हा आतून जे निघाले ते तेल नव्हते. दूध जास्त पडलेल्या चहासारखे काहीतरी घट्ट, फेसाळ द्रव्य होते, आणि त्यात पिनियनचे तीन दात तळाशी बसलेले होते. तेल चुकीचे की पाणी शिरले, यांतील खरे कारण कोणते, असे मी विचारले. तो म्हणाला, “दोन्ही. नुसते पाणी असते तर आणखी थोडे चालली असती, नुसते चुकीचे तेल असते तर उन्हाळ्यापर्यंत गेली असती.” हे उत्तर मला आमच्या कचेरीतील पुष्कळ अहवालांपेक्षा प्रामाणिक वाटले. त्यानंतर मी गाडीची पुस्तिका काढून वाचली, तेलाच्या डब्यांवरचे बारीक अक्षर भिंगाने वाचले, आणि जाणत्या मिस्त्रींना प्रश्न विचारून त्रास दिला. त्यातून जे कळले ते येथे देतो.

आधी या पेट्या काय आहेत ते पाहू. गाडी वळणावर वळते तेव्हा बाहेरच्या चाकास आतल्यापेक्षा जास्त अंतर चालावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यास पक्की जोडली तर एकास घसरावे लागेल. ते टाळण्यासाठी दोहोंच्या मध्ये चक्रांचा जो संच बसवितात तो डिफरन्शियल. फोर बाय फोर गाडीस असा संच मागे एक व पुढे एक असतो. इंजिनाचा जोर गिअरपेटीतून निघाल्यावर तो मागे किती व पुढे जावा की नाही हे ठरविणारी तिसरी पेटी मध्यभागी असते, ती ट्रान्स्फर केस. चिखलात हळू पण जोराने चालण्याचा जो ‘लो’ गिअर असतो तोही हिच्यातच. तेव्हा गिअरपेटी धरून चार पेट्या झाल्या, आणि मुख्य मुद्दा हा की या चौघींची कामे वेगळी असल्याने त्यांचे खाणेही वेगळे असते.

डिफरन्शियलचे काम सर्वांत कठीण. त्यातील पिनियन नावाचे लहान चक्र क्राऊन नावाच्या मोठ्या चक्रास फिरविते. जुन्या काळी पिनियनचा मध्य क्राऊनच्या बरोबर मध्यावर येत असे. १९२६ च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड मोटारीत पिनियन मध्याच्या खाली बसविण्याची रीत आली. त्यामुळे दांडा खाली गेला, गाडीचा तळवा नीचा करता आला, आणि दात मोठे व बळकट करता आले. या रचनेस हायपॉइड म्हणतात, आणि आजच्या मालवाहू गाड्यांत बहुधा हीच असते. तिचा एक दोष आहे. दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. चाक लोळते म्हणून गाडीची पट्टी वर्षानुवर्षे टिकते. नांगराचा फाळ घसरतो म्हणून एका हंगामात उजळून निघतो. हायपॉइडचे दात गाडीच्या सर्व भाराखाली असे घसरत असतात. साधे तेल तेथून पिळून निघून जाते आणि लोखंड लोखंडास भिडते.

यावर उपाय म्हणून तेलात गंधक व स्फुरद यांची संयुगे घालतात. दातांच्या टोकाशी उष्णता व दाब वाढला की ही द्रव्ये लोखंडाच्या अंगावर एक पातळसा थर धरतात; घासला जातो तो थर, लोखंड वाचते. गिअरच्या तेलास जो उग्र वास येतो तो या गंधकाचा. किती द्रव्य घातले आहे व तेल किती कठीण कामास योग्य आहे हे कळावे म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने जी.एल. या अक्षरांपुढे आकडे दिले आहेत. आपणांस कामाचे दोनच: जी.एल. ४ आणि जी.एल. ५. हायपॉइड डिफरन्शियलास जी.एल. ५ पाहिजे. जी.एल. ४ मध्ये ही द्रव्ये ढोबळमानाने निम्मी असतात.

येथे आमच्यासारख्यांची मोठी फसगत होते. चौथीपेक्षा पाचवी इयत्ता वरची, तेव्हा जी.एल. ५ सगळीकडे घातले तर उत्तमच, असा समज सर्वत्र आहे, आणि दुकानदारही तेच सांगतो. परंतु या इयत्ता नव्हेत. गिअरपेटीत व काही ट्रान्स्फर केसमध्ये पितळेच्या कड्या असतात. गिअर पडताना दोन चक्रांचे वेग जुळवून घेण्याचे काम त्या करतात. लोखंडास वाचविणारे गंधक पितळेवर मात्र उलटते. जुन्या धाटणीच्या जी.एल. ५ तेलाने या कड्या हळूहळू खाल्ल्या जातात, आणि दोन-तीन वर्षांत गिअर खरखरू लागतो. हल्लीच्या कित्येक जी.एल. ५ तेलांत यावर उतारा घातलेला असतो व ती पितळेस निर्धास्त असतात हे खरे. पण आपल्या हातातील डबा त्यांतला आहे की नाही हे डब्यावर लिहिलेले असल्याखेरीज मानू नये. जेथे पुस्तिका जी.एल. ४ म्हणते तेथे जी.एल. ४ च घालावे. दोहोंच्या किमतीत असा फरक नाही की त्यासाठी गिअरपेटी पणाला लावावी.

बाजारात नुसते ‘ई.पी. ९०’ लिहिलेले डबेही मिळतात. ई.पी. म्हणजे दाब सहन करणारे, एवढेच. जी.एल.चा आकडा ज्या डब्यावर नाही तो डबा घेऊ नये. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याकडून जमीन घेण्यासारखे ते आहे.

आता जाडीचे आकडे. डब्यावर ‘८० डब्ल्यू-९०’ किंवा ‘८५ डब्ल्यू-१४०’ असे लिहिलेले असते. पहिल्या आकड्यापुढील डब्ल्यू हे अक्षर थंडीचे द्योतक आहे. ७५ डब्ल्यू तेल शून्याखाली ४० अंशांपर्यंत, ८० डब्ल्यू शून्याखाली २६ पर्यंत आणि ८५ डब्ल्यू शून्याखाली १२ पर्यंत प्रवाही राहते. आपल्याकडे पौषातील कडाक्याच्या पहाटेसही पारा सात-आठ अंशांच्या खाली क्वचितच जातो. म्हणून हा पहिला आकडा लडाखातील माणसास महत्त्वाचा, गोंदियातील माणसास जवळजवळ निरुपयोगी. त्यासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. दुसरा आकडा मात्र आपला. तो तापलेल्या तेलाची जाडी सांगतो, आणि आपल्याकडे वैशाखात सावलीतच पंचेचाळीस अंश होतात. १४० चे तेल तापल्यावर ९० च्या तेलाहून दीड-दोन पट दाट राहते. भर उन्हाळ्यात उन्हाळी धानाचे जड ओझे ओढणाऱ्या गाडीच्या मागील डिफरन्शियलात, पुस्तिकेने मुभा दिली असेल तर, ८५ डब्ल्यू-१४० घालणे मला सयुक्तिक वाटते. पुस्तिकेने मुभा दिली नसेल तर घालू नये. जाड तेल हलविण्यात डिझेल अधिक जाते, आणि पहाटे गाडी काढताच पुढच्या बेअरिंगपर्यंत ते चढावयास वेळ लागतो. नवीन गाड्यांपैकी काहींच्या पुस्तिकेत ७५ डब्ल्यू-९० हे कृत्रिम तेल सांगितलेले असते. तेथे आपले शहाणपण चालवू नये. त्या चक्रांची घडण त्याच तेलाच्या हिशेबाने केलेली असते.

काही गाड्यांच्या मागील डिफरन्शियलात एक चाक घसरू लागल्यास दुसऱ्यास जोर देणारी तबकड्यांची योजना असते. अशा संचास तेलात आणखी एक द्रव्य लागते, नाही तर वळणावर गाडी हिसके देते. पुस्तिकेत तसे लिहिले असल्यास डब्यावरही तसे लिहिलेले पाहून घ्यावे.

ट्रान्स्फर केसविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गोंधळ येथेच अधिक. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईस विलिज जीपचे भाग आणवून गाड्या जोडण्यास आरंभ केला. त्या जीपची ट्रान्स्फर केस निव्वळ चक्रांची होती. ती गिअरपेटीस पाठ लावून बसलेली असल्याने दोहोंत एकच ९० चे गिअर-तेल घालीत. जुन्या मिस्त्रींच्या हातास तीच सवय आहे, आणि त्या जातीच्या गाडीस ती बरोबरही आहे. परंतु पुढे निघालेल्या पुष्कळ ट्रान्स्फर केसमध्ये चक्रांऐवजी पोलादी साखळी आली, आणि आत तेल वर ढकलणारा एक छोटा पंप आला. अशा पेटीस गाढे गिअर-तेल चालत नाही. पंपास ते उचलत नाही, साखळीच्या सांध्यांत ते शिरत नाही. तिला आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत वापरतात ते पातळ, बहुधा लाल रंगाचे तेल लागते, ज्यास ए.टी.एफ. म्हणतात. उलट चक्रांच्या पेटीत हे पातळ तेल घातले तर दात उघडे पडतात. बाहेरून पाहून साखळी की चक्रे हे आपणांस कळणार नाही. म्हणून एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीस लावू नये, आणि दोन गाड्या एकाच कंपनीच्या असल्या तरीही लावू नये.

जुन्या पुस्तिकांत ए.टी.एफ.चा प्रकार म्हणून ‘डेक्सरॉन ३’ असे नाव आढळते. ते नाव जनरल मोटर्स कंपनीचे. त्या प्रकारास परवाने देणे तिने २००६ अखेर बंद केले. त्या नावाने अद्याप तेल विकले जाते ते बनविणाऱ्याच्या स्वतःच्या भरवशावर. म्हणून ते नामांकित कंपनीचेच घ्यावे, किंवा गाडीच्या कंपनीने त्याऐवजी आता कोणते सांगितले आहे याची विचारणा करावी.

आता ट्रॅक्टरच्या बादलीकडे येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर आधी आला व गाडी मागाहून. ट्रॅक्टरच्या मागील पेटीत गिअर, तेलात बुडालेले ब्रेक आणि हायड्रॉलिक या तिघांचे एकच तेल असते. ते तिघांस सांभाळून घेणारे तेल असल्याने त्यात दाबाचे द्रव्य माफकच घालतात. डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांस ते पुरत नाही. आमचा अपघात अर्धा यामुळे झाला. याच्या उलट चूक तितकीच वाईट. गाडीचे उरलेले जी.एल. ५ तेल वाया जाऊ नये म्हणून ट्रॅक्टरमध्ये ओतले तर त्याचे तेलातील ब्रेक कचकचू लागतात व धरेनासे होतात. उतारावर धानाची ट्रॉली मागे असता ब्रेक न धरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. उरलेले तेल त्याच डब्यात, बूच घट्ट लावून, वर काय आहे ते लिहून ठेवावे.

येथवर निवडीचा विचार झाला. परंतु एवढे सर्व अचूक निवडून मूळ शत्रू राहूनच जाईल, आणि तो म्हणजे पाणी. पुस्तिकेत तेल बदलण्याचा काही हजार किलोमीटरांचा आकडा दिलेला असतो. तो आकडा डांबरी सडकेवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे. आमची गाडी वर्षभरात फार चालत नाही, पण जी चालते ती पाण्यातून. रोवणीच्या एका महिन्यात तिने नाला किती वेळा ओलांडला याचा मीटरवर आकडा उमटत नाही. धानाच्या मुलखात तेलाची तारीख किलोमीटरांनी नव्हे, पाण्याने ठरवावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पाणी शिरते कसे, ते त्या वृद्ध जीपचालकांनी सांगितलेच होते. चालून चालून हौसिंग हात लावू देत नाही इतकी तापते. आतील हवा फुगून ब्रीदर नावाच्या लहानशा झडपेतून बाहेर जाते. अशा स्थितीत तिला नाल्याच्या थंड पाण्यात उतरविली की आतील हवा एकाएकी आकसते आणि जेथून वाट मिळेल तेथून आत ओढ घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, तो चिखलाने बुजला असेल तर सीलच्या फटीतून. तेलाशी पाणी घुसळले गेले की त्याचे ताक होते. ते दातांवर थर धरीत नाही, आणि बेअरिंगांस गंज चढतो. सन २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांतून उभ्या गाड्या चाकापर्यंत बुडाल्या. धुऊन, वाळवून, इंजिन चालू झाले म्हणून ज्यांनी त्या तशाच वापरल्या, त्यांनी हौसिंगमध्ये काय होते ते पाहिले नाही. बुडालेली गाडी, इंजिन चालू होवो वा न होवो, चारही पेट्यांचे तेल काढल्याखेरीज रस्त्यावर घेऊ नये.

यावर उपाय स्वस्त आहे. ब्रीदरच्या तोंडास तेल सहन करणारी रबरी नळी जोडून ती चौकटीच्या कडेने वर, मालाच्या पेटीच्या उंचीपर्यंत नेऊन टोक खाली वळवून बांधावी. काही गाड्यांत ती कारखान्यातूनच थोडी वर नेलेली असते. तरी ती सुटली किंवा बुजली नाही ना, हे मृगाच्या आधी पाहावे. नाल्याशी पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. बिडी ओढलीच पाहिजे असे नाही.

रोवणी आटोपल्यावर, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, प्रत्येक पेटीचे तेल पाहावे. रात्रभर उभ्या गाडीचे खालचे बूच किंचित सैल केल्यास पाणी जड असल्याने ते आधी थेंबाथेंबाने येते. तेल दुधी निघाले तर सगळेच काढावे. वरून भर घालून भागत नाही. पुढील डिफरन्शियल फारसे कामास येत नाही म्हणून ते तपासावयाचे राहून जाते, पण नाल्यात तेच आधी उतरते. तेल काढताना पहिल्याने भरण्याचे वरचे बूच उघडून पाहावे. ते गंजून बसले असेल आणि आपण खालचे बूच आधी काढून सर्व तेल सांडले असेल, तर गाडी अंगणातच अडकते; शेजारच्या गावी एका गृहस्थांची तशी दोन दिवस अडकली होती. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे, सपाट जागी उभी करावी. खालच्या बुचास लोहचुंबक असते. त्यावर राखाडी लेप असल्यास ती नेहमीची झीज समजावी, टोचणारा कण अथवा कपची निघाल्यास मिस्त्रीस दाखवावी. नवे तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत येताच थांबावे. जास्त भरले तर फेस होतो, दाब वाढतो, सील फुटून तेल ब्रेकवर येते.

खर्चाचे म्हणाल तर अशा गाडीच्या मागील डिफरन्शियलात साधारण दीड ते तीन लिटर, पुढील त्याहून कमी आणि ट्रान्स्फर केसमध्ये एक-दोन लिटर तेल लागते. दोन लिटर साध्या गिअर-तेलास मी जे दिले ते आधारभूत भावाने विकलेल्या चाळीस किलोच्या एका कट्ट्याच्या दामाहून कमीच होते. क्राऊन-पिनियनचा जोड, बेअरिंगे व मजुरी यांस आमचे किती कट्टे गेले ते पुतण्याच्या समोर मी बोलत नाही. जेथे दर पावसाळ्यानंतर तेल काढावेच लागणार तेथे, पुस्तिकेने मागितले नसता, महागडे कृत्रिम तेल घालण्यात मला अर्थ दिसत नाही. साधे, पण योग्य वर्गाचे घालावे आणि वेळेवर काढावे.

कारकुनी सवय जात नाही, म्हणून मी गाडीसाठी एक वही घातली आहे. प्रत्येक पेटीस एक पान. रकाने येणेप्रमाणे: तारीख, मीटरचा आकडा, तेलाचे नाव व वर्ग, निघालेल्या तेलाचा रंग, आणि शेवटी शेरा. पुतण्या आधी हसला. हल्ली शेऱ्याचा रकाना तोच भरतो. यंदाच्या पोळ्याच्या नोंदीत मागील डिफरन्शियलापुढे ‘स्वच्छ’, पुढीलापुढे ‘स्वच्छ, नळी सैल होती, बांधली’ असे आहे. ट्रान्स्फर केसपुढे त्याने लिहिले आहे: ‘तेल ठीक, मागच्या सीलजवळ ओल, मिस्त्री म्हणतो मळणीआधी सील बदलू.’ सील आणून ठेवली आहे.